दुधाच्या वहीचं मागचं पान

मे महिन्यात सावद्याची गच्ची
रात्री दहालाही हात ठेवू देत नाही.
कपडे विसळलेलं पाणी जपून ठेवलेलं असतं,
ते दोन बादल्या शिंपडायचं,
वाफ जाऊ द्यायची, मग गाद्या.
आणि पाठ टेकता टेकता
कोणीतरी म्हणतंच : या वर्षी समुद्र.

मी दुधाची वही उलटी धरते.
पुढून एप्रिलचं दूध, गवळ्याचे खाडे,
एकदा नासलं त्याची फुली.
मागून समुद्र.
माणसं चार, मी लिहिते.
मोबाइलच्या उजेडात चार किती सुटसुटीत दिसतात!

तेवढ्यात कठड्यापलीकडच्या गच्चीवरून कुमुदताई,
“आमाले नही इचारत का वं?”
मग नऊ.
नवात एक साखरेचा पेशंट, एक गुडघा,
एक दहावीचा जादा क्लास,
आणि एक जण जो रेल्वेत उलटी करतो
पण खिडकी सोडत नाही.

मंगला भुसावळहून अपरात्री सुटते.
रत्नागिरीला उतरायचं, पुढे गाडी करायची.
सासूबाईंना गणपतीपुळे हवं, मग बाकी काहीही.
शिवाय त्या घरात मासे शिजतात का,
तवा वेगळा देतील का,
कळण्याचं पीठ किती न्यायचं,
आणि भरताची वांगी?
वांगी रेल्वेत टिकतील का, यावर
अर्धा तास गेला.

ह्यांचा धंदा केळीच्या गाड्या भरायचा.
ते उताणे पडून चांदण्यांना विचारतात,
“तठी केळीले भाव काय असीन?”
नाना कुशीवर वळतात.
“नारळ, केळी अन् घाम. त्यातलं घरी काय कमी आहे?
नारळाचे पैसे मी देतो. ऱ्हा घरीच.”
आणि अंधारात हात करतात,
जिथून गावाबाहेरच्या बागांचा
ओला, तुरट वास
वारा नसतानाही येत असतो.

दुपारी गुहागरच्या एका बाईंना फोन लावला होता.
खोल्या आहेत, अंगणात झोपाळा आहे.
“पण मेमध्ये नका येऊ हो,” त्या काळजीनं म्हणाल्या,
“फार उकडतं. पारा चौतिसावर जातो.”
फोन स्पीकरवर होता.
नाना इतके हसले की
त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.
आमच्याकडे त्या दिवशी सेहेचाळीस.

मग दिवाळीत जाऊ.
दिवाळीत कटाई.
मग नाताळात.
नाताळात पूर्वाची सहामाही संपते
पण कुमुदताईंच्या दिराचं लग्न आहे,
त्याला अजून मुलगी मिळायची आहे,
तरी तारीख मात्र धरून ठेवलीय.

सगळ्यांचं बोलणं असं पेंगुळलं
तेव्हा पूर्वा म्हणाली,
“तिथं पाणी किती दिवसांआड येतं?”

कोणी हसलं नाही.
आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी, पहाटे, पाऊण तास.
हतनूरचे दरवाजे तिनं पाहिलेत,
पाणी कोणीतरी सोडतं हे तिला ठाऊक आहे.

“दिवसातून दोनदा,” मी म्हटलं.
ती उठूनच बसली.
“मोटर लावावी लागते?”
नाही.
“मग भरून ठेवतात कशात?”
नाही भरत. येतं, आणि आपलं आपण परत जातं.
“परत जातं?
आणि कोणीच काही करत नाही?”

ह्यांनी कूस बदलली. कठड्यापलीकडे
कुमुदताईंची बांगडी वाजली आणि थांबली.
समुद्र मीसुद्धा पाहिलेला नाही.
भरती-ओहोटी पाचवीला शिकवते,
चंद्राची आकृती फळ्यावर काढून.

वही मिटायला घेतली तर दिसलं,
मागच्या पानांवरही तेच रकाने छापलेत :
सकाळ. संध्याकाळ. लिटर.
नऊ माणसांच्या खाली
मी सकाळमध्ये एक बरोबरची खूण केली,
संध्याकाळमध्ये एक.
लिटरचा रकाना
तसाच सोडला.